नळीवाटे अन्न : यश मोजावे कशाने ?

गाझियाबादसारख्या शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तीन वर्षांचे मूल न्यूमोनियाने अत्यवस्थ होऊन पडले आहे, अशी कल्पना करावी. श्वास यंत्राच्या आधारे चालला आहे आणि नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीने त्यास अन्न दिले जात आहे. हे अन्न लगेच द्यावे की थांबून, अखंड द्यावे की ठराविक अंतराने, हे प्रश्न प्रयोगानेच सुटावयाचे. परंतु त्याआधीचा प्रश्न अधिक कठीण आहे : अमुक पद्धत सरस ठरली, असे कशावरून म्हणावयाचे ?

सोपे उत्तर म्हणजे शरीरात गेलेल्या उष्मांकांची बेरीज. परंतु उष्मांक हे साधन होय, साध्य नव्हे. बेल्जियम, नेदरलँड्स व कॅनडा येथील 1440 मुलांवरील एका प्रयोगाचा निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाला. नळीचे अन्न अपुरे पडल्यास शिरेवाटे द्यावयाचे पूरक पोषण तेथे एका गटास पहिल्या चोवीस तासांत सुरू केले, तर दुसऱ्यास आठव्या दिवसापर्यंत दिले नाही. दुसऱ्या गटास उष्मांक अर्थातच कमी मिळाले. तरीही नवा संसर्ग पहिल्या गटात 18.5 टक्के, तर दुसऱ्यात 10.7 टक्के मुलांना झाला. केवळ उष्मांकांची मोजपट्टी हाती धरली असती, तर निकाल नेमका उलटा लागला असता.

वजनही फसवे असते, कारण अत्यवस्थ मुलाच्या अंगावर चढलेली सूज तागडीत मांसाइतकीच भरते. रुग्णालयातील मुक्काम मोजावा, तर आपल्याकडे तो रोगाइतकाच खाटांच्या उपलब्धतेवर आणि पित्याच्या खिशावर अवलंबून असतो. राहता राहिला मृत्यू. ही कसोटी निर्विवाद आहे. पण मृत्यूचे प्रमाण 5 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले हे रूढ संख्याशास्त्रीय अटींनुसार सिद्ध करावयाचे, तर सुमारे साडेतेरा हजार मुले लागतील. शिवाय जगलेले मूल कसे जगले, हे ती कसोटी सांगत नाही.

आईस मात्र तेच जाणून घ्यावयाचे असते. मूल पुन्हा हातातला घास तोंडात कधी घालील, चालेल, बोलेल काय, हे तिचे प्रश्न होत. बालरुग्णांच्या अतिदक्षता-संशोधनासाठी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मूलभूत कसोट्यांच्या यादीत जगण्याबरोबरच आकलन, भावना, शारीरिक क्षमता, वेदना, संवाद व जीवनाची गुणवत्ता यांना स्थान मिळाले. आईचे प्रश्न अशास्त्रीय नव्हते, हेच यावरून दिसते.

परक्या भूमीतील यादी जशीच्या तशी उचलून मात्र भागणार नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण उत्तर प्रदेशात 39.7 टक्के, तर महाराष्ट्रात 35.2 टक्के होते. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले महाराष्ट्रात 25.6 टक्के होती. अशी कित्येक मुले आजारापूर्वीच उपाशी असतात. तेव्हा दाखल होतानाची पोषणस्थिती नोंदवून त्यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे आहे.

म्हणून मुख्य कसोटी अशी असावी : तीस दिवसांत मूल जगले काय, आणि जगल्यास किती दिवस यंत्राच्या आधाराविना राहिले. तिच्या जोडीस सहा महिन्यांनी खाणे, चालणे, बोलणे यांची पाहणी करावी. उलटी, जुलाब, अन्न श्वासमार्गात जाणे हे अपाय वेगळे मोजावेत. उष्मांकांचा आकडा जरूर द्यावा. पण पद्धत नीट पाळली गेली याचा पुरावा म्हणून, विजयाची निशाणी म्हणून नव्हे.

सहा महिन्यांनी कुटुंबे सापडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. रोजगारासाठी फिरणाऱ्या कुटुंबाचा पत्ता टिकत नाही. परंतु न सापडणारी मुले बहुधा गरिबांचीच असतील. त्यांना गाळून काढलेला निष्कर्ष सुस्थितांपुरता ठरेल. प्रवासखर्च आणि दूरध्वनीवरील चौकशी यांची तरतूद प्रयोगाच्या खर्चातच झाली पाहिजे.

भारतात 2009 च्या जूनपासून वैद्यकीय प्रयोगांची पूर्वनोंदणी आवश्यक झाली आहे आणि कसोटी तेथेच जाहीर करावी लागते. तो रकाना भरणाऱ्या संशोधकाने क्षणभर थांबून स्वतःस विचारावे : ही संख्या सुधारली, तर मुलाचे काय सुधारेल ? ज्या संख्येपाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, तिने त्या रकान्याची जागा अडवू नये.