मालकाकडून चाकरी घेणारे यंत्र

हत्यार हाताला बसेल असे असावे, हे खरेच. पण एकाच हाताला बसणारे हत्यार किती काळ टिकते? ह्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या एका यंत्राची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. ते म्हणजे अमेरिकेतील ‘लिस्प यंत्र’.

संगणकाला कामे सांगण्यासाठी ज्या सांकेतिक भाषा रचल्या गेल्या, त्यांतील लिस्प ही फार जुनी. जॉन मॅकार्थी ह्या पंडिताने १९५८ साली मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. संस्थेत ती रचावयास घेतली. यंत्राला बुद्धी देऊ पाहणाऱ्या संशोधकांना ती अतिशय मानवली. परंतु त्या काळी एकच मोठा संगणक अनेकांना वाटून वापरावा लागे, आणि ही भाषा तर खादाड. तेव्हा १९७४ च्या सुमारास त्याच संस्थेत रिचर्ड ग्रीनब्लॅट, टॉम नाइट प्रभृतींनी केवळ ह्या भाषेसाठी, एका वेळी एकाच माणसाने वापरावयाचे यंत्र बांधण्यास आरंभ केला.

यंत्र गुणी निघाले. चालू काम मध्येच अडले, तर तेथल्या तेथे चूक शोधावी, दुरुस्त करावी आणि काम पुढे न्यावे, अशी सोय त्यात होती. म्हणूनच ते वापरणारे त्याच्यावर चिडत, तरी त्याला सोडवत नसे.

चिडण्यास कारणे पुष्कळ. सिंबॉलिक्स कंपनीचे १९८३ सालचे ‘३६००’ हे यंत्र घरगुती शीतकपाटाएवढे होते आणि त्यासाठी कित्येक दहा हजार डॉलर मोजावे लागत. एम. आय. टी. च्या यंत्राला जोडलेल्या एका कळफलकावर तर केवळ इतर कळांचा अर्थ पालटणाऱ्या अशा सात प्रकारच्या कळा होत्या!

सर्वांत मोठा जाच मात्र केराचा. काम करताना संगणक स्मृतीत माहितीचे असंख्य तुकडे साठवितो. उपयोग संपला की त्यांचा केर होतो. लिस्पमध्ये तो यंत्राने आपण होऊन काढावयाचा असतो. खळ्यावरचा भुसा वेळीच सारला नाही, तर बैलांना फिरावयास जागा उरत नाही, तसेच हे. आरंभीच्या यंत्रांत पुरी झाडलोट तासन्‌तास चाले. म्हणून कित्येक जण ती बंदच ठेवीत, आणि स्मृती तुडुंब भरली की यंत्र थांबवून नव्याने सुरू करीत. पुढे डेव्हिड मून यांनी १९८४ साली एक तोड मांडली: नवे तुकडेच बहुधा लवकर निरुपयोगी होतात, तेव्हा ताजा केर वारंवार झाडावा, जुन्याला क्वचितच हात लावावा. जाच पुष्कळ हलका झाला.

एकलकोंडेपणावर मात्र तोड निघाली नाही. यंत्र घडविणाऱ्या मंडळींत फूट पडून दोन प्रतिस्पर्धी कंपन्या निघाल्या, आणि सर्वांनी मिळून वाढविलेली विद्या वाटली जाईनाशी झाली. ह्याने व्यथित झालेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मोकळेपणी वापरता यावी अशी ‘ग्नू’ प्रणाली घडविण्याचा संकल्प १९८३ साली जाहीर केला. इकडे साधे संगणक लाखांनी बनू लागले, वर्षागणिक स्वस्त व वेगवान झाले, आणि तीच भाषा चांगली चालवू लागले. १९८७ साली लिस्प यंत्रांचा बाजार कोसळला. १९९३ साली सिंबॉलिक्सने दिवाळ्याचा अर्ज केला.

यंत्र गेले, विद्या राहिली. जावा, पायथॉन ह्या आजच्या भाषांतही स्मृतीतील केर आपोआप निघतो. आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलमध्येही हे काम मुकाट्याने चाललेले असते.

म्हणून आईबापांना आमचे एवढेच सांगणे: मुलाला शिकण्यासाठी महागडा संगणक मागितला जाईल, तेव्हा त्याचे गुण तर पाहावेतच, पण त्यावर शिकलेले उद्या दुसऱ्या, साध्या यंत्रावर उपयोगी पडेल काय, हेही विचारावे. उत्तर ‘होय’ असेल, तर त्याहून निम्म्या किमतीच्या यंत्रानेही पुष्कळ वेळा भागते.