अँटीव्हायरस आहे, पण तो जागा आहे का?



पोटाला चिमटा घेऊन आपल्या घरांतून मुलांसाठी संगणक घेतला जातो. कोणी जुना घेतो, कोणी हप्त्याने. मुलांच्या गुणपत्रिका, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरातल्या माणसांचे फोटो, सारे त्यातच साठते. दुकानदार सांगतो, "अँटीव्हायरस टाकून दिलाय, आता काळजी नको." आपण निर्धास्त होतो. पण ई-मेलमधून येणाऱ्या किड्याला तो खरोखर अडवतो का, हे कितीजण तपासून पाहतात?

आधी हा किडा म्हणजे काय ते समजून घेऊ. साधा व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. 'वर्म' म्हणजे किडा मात्र स्वतःच्या पायांनी चालतो. ई-मेलचा किडा बहुधा पत्राला जोडलेल्या फाइलमध्ये दडून येतो. ती फाइल उघडली की आपल्या यादीतील सर्वांना तो आपल्याच नावाने पत्रे धाडतो.

४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या किड्याने हेच केले. सोबतच्या फाइलला प्रेमपत्राचे नाव होते. नावाच्या शेवटी 'व्हीबीएस' ही अक्षरे होती. म्हणजे ती चिठ्ठी नव्हती, प्रोग्राम होता. पण विंडोज ही शेवटची अक्षरे लपवीत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. शिवाय पत्र ओळखीच्याच माणसाच्या नावाने आलेले! जगभर लाखो संगणकांत किडा शिरला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला त्या दिवशी ई-मेल बंद ठेवावी लागली. संगणकातील फोटोंच्या फाइलींवर किड्याने स्वतःचीच नक्कल लिहून ठेवली. फोटो कायमचे गेले.

त्या दिवशी अनेक कचेऱ्यांत अँटीव्हायरस होताच. मग अडले कुठे? सोसायटीच्या दारावर वॉचमन असतो. त्याच्याकडे चोरांचे फोटो दिलेले असतात. ज्याचा फोटो आहे त्याला तो अडवतो; नवा चोर समोरून आत जातो. अँटीव्हायरसकडेही अशी ओळखयादी असते. नवा किडा आधी सुटतो, मग कंपनी त्याचा अभ्यास करते, मग यादी आपल्या संगणकात येते. मधल्या तासांत घात होतो. 'आय लव्ह यू'ची तर थोड्याच दिवसांत कितीतरी रूपे निघाली. एकाने चक्क 'धोकादायक व्हायरसचा इशारा' असेच नाव घेतले होते! आजचे अँटीव्हायरस फाइलची संशयास्पद वागणूकही पाहतात, तरी नवा किडा निसटू शकतो.

म्हणून पुढील गोष्टी तपासा.

१) अँटीव्हायरस चालू आहे का? विंडोज १० व ११ मध्ये 'विंडोज सिक्युरिटी' आयतेच मिळते, वेगळे पैसे पडत नाहीत. त्यात 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू असले पाहिजे.

२) यादी कधीची आहे? 'लास्ट अपडेट'ची तारीख आजची किंवा कालची हवी. विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपली की कोपऱ्यातले चिन्ह तसेच दिसते, पण नवी यादी येणे थांबते. जुना संगणक घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

३) वॉचमन जागा आहे का? यासाठी 'आयकार' नावाची चाचणी-फाइल त्याच नावाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती अवघ्या ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी आहे. ती उतरवताच अँटीव्हायरसने अडवली पाहिजे. पण यावरून तो जागा आहे एवढेच कळते. प्रत्येक नवा किडा तो ओळखेल, असे नव्हे.

४) फाइलचे पूर्ण नाव दिसते का? विंडोज आजही शेवटची अक्षरे लपवते. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. शेवटी 'व्हीबीएस', 'जेएस' किंवा 'ईएक्सई' असलेली फाइल पत्रासोबत आली तर हात लावू नका.

एवढे करूनही खरा पहारा आपल्यालाच द्यावा लागतो. न मागता फाइल आली, मग ती साहेबांकडून असो की सख्ख्या भावाकडून, आधी फोन करून विचारावे, "तुम्हीच पाठवली का?" एका फोनने काम भागते. मोबाइलवरही हीच चाल चालते: व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल येते, आणि ती टाकून घेतली की बँकेचे खाते धोक्यात येते.

आणखी एक लक्षात ठेवा. अँटीव्हायरस किडा काढून टाकतो, पण पुसला गेलेला फोटो वा दाखला परत आणून देत नाही. महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. संगणकाला कायम लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हचा उपयोग नाही, कारण किडा तिथेही पोहोचतो.

'आय लव्ह यू' सोडणाऱ्या तरुणाला शिक्षा झाली नाही. त्याच्या देशात तेव्हा तसा कायदाच नव्हता. तो जून २००० मध्ये झाला. यादी उशिरा आली, कायदाही उशिरा आला. नुकसान मात्र ज्याचे त्याला सोसावे लागले. तेव्हा येत्या रविवारी मुलामुलींना सोबत घेऊन बसा आणि या चार गोष्टी तपासा. ज्या मुलाला किंवा मुलीला हे जमेल, तिने शेजारच्या घरीही दाखवून यावे.