संगणकाचा पंखा सारखा का घोंघावतो?

वाचकहो, पत्रांतून अलीकडे एक तक्रार वरचेवर येते. घरचा संगणक चालू केला की पंखा घोंघावू लागतो, पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही, महाडीबीटीचा अर्ज अर्ध्यावर अडकतो आणि प्रोसेसरचा वापर पाहावा तर नव्वद-शंभर टक्के. दुकानात नेले तर ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’ असा सल्ला मिळतो. नवे म्हणजे तीस-चाळीस हजारांना चाट. एवढी रक्कम मोजण्यापूर्वी घरच्या घरी तासभर काढून काही गोष्टी पाहाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

विहिरीवरची मोटर जास्त अँपिअर ओढू लागली, तर आपण ती लगेच भंगारात घालत नाही. व्होल्टेज कमी आहे का, बेअरिंग धरले आहे का, हे आधी बघतो. मीटरचा काटा फक्त ओढ दाखवतो, कारण शोधावे लागते. प्रोसेसरचे टक्केही तसेच. प्रोसेसर आपणहून कधी शंभर टक्क्यांवर जात नाही. त्याला कोणीतरी काम लावलेले असते. ते कोणी लावले, एवढेच शोधायचे आहे.

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ नावाची चौकट उघडते. जुन्या विंडोजमध्ये ती लहान दिसली, तर खालच्या ‘मोअर डीटेल्स’वर टिचकी मारावी. मग ‘सीपीयू’ या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. चौकट उघडताना दोन-चार सेकंद आकडा उसळतो, तो धरू नये. आणि शेजारचे ‘मेमरी’ व ‘डिस्क’ हे रकानेही पाहावेत. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर वीस टक्के असेल, तर दुखणे प्रोसेसरचे नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की असे यंत्र बहुधा पुन्हा पळू लागते, आणि तो खर्च नव्या संगणकाच्या मानाने फारच थोडा असतो.

‘डीटेल्स’च्या यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नावापुढे ९५ दिसले म्हणून अनेकजण घाबरतात. तो चोर नव्हे. प्रोसेसर किती मोकळा बसला आहे, त्याचा तो आकडा आहे. तेथे ९५ म्हणजे सारे ठीक.

आता खेड्यातल्या घरांत सर्वांत जास्त आढळणारे कारण. शहरातल्या कचेरीत संगणक रोज आठ तास चालतो. आपल्याकडे तो आठवड्यातून एकदा, अर्ज भरण्यापुरता किंवा मुलीचा निकाल पाहण्यापुरता, अर्धा तास चालू होतो. दरम्यान आठ दिवसांची कामे साचलेली असतात: विंडोजच्या सुधारणा उतरवणे, विषाणूंची तपासणी, फायलींची सूची करणे. यंत्र चालू होताच ही सारी थकबाकी एकदम अंगावर येते. यादीत त्या वेळी ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ किंवा ‘सर्च इंडेक्सर’ ही नावे वर दिसतात. आपण वैतागून बटण दाबून बंद करतो, नाहीतर वीजच जाते. काम अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा वर डोके काढते. असे महिनोन्‌महिने चालते आणि यंत्राला आळशी ठरवले जाते!

यावर उपाय अगदी साधा आहे. वीज टिकण्याची खात्री असेल अशा दिवशी संगणक सुरू करून, नेट जोडून, तीन-चार तास त्याच्या वाटेला जाऊ नये. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा आणि तो झोपी जाणार नाही अशी सोय सेटिंगमध्ये करावी. शेवटी ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ केले की सारे धुऊन निघते असा समज आहे. पण विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद करताना काही भाग जसाच्या तसा जपला जातो. ‘रीस्टार्ट’नेच तो खरा नव्याने सुरू होतो. अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल, तर ही थकबाकी दोन दिवस आधीच उरकून घ्यावी. ऐन तारखेला यंत्राशी झगडा नको.

थकबाकी फिटूनही आकडा उतरत नसेल, तर वर कोणाचे नाव आहे ते पाहावे. ब्राउझर असेल, तर उघडी पाने मोजा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की कोणते पान किती खाते ते कळते. दोन विषाणूरोधक कार्यक्रम एकदम बसवले असतील, तर एक काढून टाका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ‘स्टार्टअप ॲप्स’च्या यादीत यंत्राबरोबर आपोआप उठणारे कार्यक्रम दिसतात, त्यांतले नको ते बंद करावेत. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ सतत वर असेल, तर प्रिंटर, डोंगल, माउस एकेक काढून पाहावे. बहुतेकदा त्यांतलेच एखादे नाठाळ निघते. ‘एंड टास्क’ मात्र ओळखीच्या कार्यक्रमापुरतेच वापरावे, विंडोजच्या स्वतःच्या कामांवर नव्हे.

काहीच उघडलेले नाही, थकबाकी नाही, तरी पंखा रात्रंदिवस घोंघावतो, अशी स्थिती असेल तर सावध व्हावे. परक्याचा कार्यक्रम घरात शिरून तुमच्या विजेवर आभासी चलन कमावत असण्याचा संभव असतो. फुकट विंडोज ‘चालू करून देणारे’ किंवा महागडी सॉफ्टवेअर फुकटात देणारे ‘क्रॅक’ बसवले असतील, तर संशय आणखी बळावतो. यांतले काही तर इतके बिलंदर, की टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात आणि बंद करताच पुन्हा सुरू होतात. संशयित नावावर उजवी टिचकी मारून ‘ओपन फाइल लोकेशन’ पाहावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नाव धारण केलेली फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरात नसून भलतीकडेच असेल, तर तो बहुरूपीच समजावा. विंडोज सिक्युरिटीतील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. हातातली कामे आधी साठवून ठेवावीत, कारण यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि विंडोज पुरते उठण्याआधीच सुमारे पंधरा मिनिटे तपासणी चालते. त्यामुळे चोराला लपायला वेळ मिळत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असू द्या. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आणि धूळ! तूर मळताना, कापूस भरताना घरात जी बारीक धूळ-तंतू उडतात, ती संगणकाच्या झरोक्यात जाऊन बसतात. यंत्र तापले की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, मग तेवढ्याच कामाला जास्त टक्के लागतात. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नये, खालचा वारा कोंडतो. साफसफाई करताना वीज तोडून, मऊ ब्रशने धूळ काढावी आणि पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरचा झोत मारू नये. त्यात पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात.

एवढे करून गुण आला नाही, तर खुशाल दुकानात न्यावे. पण कागदावर लिहून न्यावे: कोणाचे नाव वर दिसते, किती टक्के, सुरू केल्यापासून किती वेळाने. ‘फॉरमॅट मारू का?’ असे विचारल्यास त्याआधी फोटो, सातबाऱ्याच्या प्रती आणि मुलांचे दाखले पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, आणि तो पेनड्राइव्ह खिशात घालूनच दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात.