सिलिकॉनच्या हायड्रोजनचा हिशेब

भुकटीत पाणी ओतायचे, निघालेला हायड्रोजन तळहाताएवढ्या इंधन घटात सोडायचा आणि त्या विजेवर मोबाइल चार्ज करायचा. ही भुकटी असते सिलिकॉनची. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १० नॅनोमीटर आकाराच्या सिलिकॉन कणांपासून असा हायड्रोजन मिळवून त्यावर छोटा पंखा चालवून दाखविला. १०० नॅनोमीटरच्या कणांना ज्या कामासाठी सुमारे ४५ मिनिटे लागली, ते या कणांनी मिनिटभराच्या आत उरकले. याच गुणामुळे सच्छिद्र सिलिकॉनकडेही छोट्या उपकरणांचे इंधन म्हणून पाहिले जाते. मात्र, त्याला ‘हरित’ म्हणण्याची घाई अंगाशी येऊ शकते.

सिलिकॉनचा साधा तुकडा पाण्यात टाकला, तर फारसे काही घडत नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच पाण्याची वाट अडवितो. सच्छिद्र सिलिकॉन स्पंजासारखे पोखरलेले असल्याने पाण्याला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. पाण्यात थोडा अल्कली असला, की ऑक्साइडही विरघळत राहतो. १ किलो सिलिकॉनपासून १४३ ग्रॅमपर्यंत हायड्रोजन मिळतो. (अभिक्रियेला लागणारे पाणीही सोबत वाहायचे म्हटले, तर वजनाचा हा फायदा निम्म्याहून कमी उरतो.)

खरी मेख सिलिकॉनच्या निर्मितीत आहे. गारगोटी आणि कोळसा विद्युतभट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते मिळवितात. त्यासाठी किलोमागे ११ ते १३ युनिट वीज लागते. त्या किलोभर सिलिकॉनच्या हायड्रोजनपासून छोटा घट जेमतेम अडीच युनिट वीज परत देतो. शिवाय १ किलो हायड्रोजनसाठी ७ किलो सिलिकॉन हवे, आणि भट्टीतील कोळशाचाच विचार केला तरी त्यापोटी किमान २२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनविताना हेच प्रमाण ९ ते १० किलो असते. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हरित हायड्रोजन’साठी ठरविलेली मर्यादा तर अवघी २ किलोची आहे. त्यात वेफर पोखरण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्लासारखे घातक रसायन वापरले, तर महागडे सिलिकॉन पोखरतानाच मोठ्या प्रमाणात वाया जाते.

यावर टाकाऊ सिलिकॉनचा उतारा सुचविला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सौरपट्ट्यांचे वेफर कापताना सुमारे एक तृतीयांश सिलिकॉनचा भुसा होतो. भट्टीची वीज त्यावर आधीच खर्ची पडलेली असते. पण जगातील बहुतांश वेफर चीनमध्ये कापले जातात. भारतात या कच्च्या मालावर कोणी उद्योग उभारू म्हणेल, तर आधी येथे वेफरचे कारखाने वाढायला हवेत.

बाजाराचा अनुभवही उत्साहवर्धक नाही. तोशिबाने २००९ मध्ये जपानमध्ये मिथेनॉलवर चालणारा ‘डायनॅरियो’ चार्जर २९,८०० येनला विकायला काढला, तोही केवळ ३,००० नग. लिथियम-आयन पॉवर बँक स्वस्त होत गेल्या आणि शहरी ग्राहकाला इंधन घटाची गरजच उरली नाही. आठवडेच्या आठवडे वीज नसलेल्या सीमेवरील चौक्या किंवा आपत्तीग्रस्त भागातील पथके यांचे गणित निराळे आहे. पाणी जागेवर मिळत असेल, तर तेथे युनिटच्या दरापेक्षा पाठीवरचे वजन महत्त्वाचे. तेथेही भुकटी दमट हवेपासून जपणे आणि मागे उरणारा अल्कलीयुक्त गाळ सुरक्षितपणे टाकणे, ही दोन कामे शिल्लक राहतातच.