पुरावा कॅमेऱ्यांचा, दंड डेस्कटॉपला



‘लिनक्सलाही अँटिव्हायरस हवाच’ या आपल्या लेखाचा सगळा भार २०१६ च्या ‘मिराय’ या घातक प्रोग्रामवर आहे. मिराय शिरला तो कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. घरच्या डेस्कटॉपवरच्या उबुंटू लिनक्सचा त्यात काय संबंध?

डेस्कटॉपचेच उदाहरण हवे होते, तर त्याच वर्षी फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसून चोरवाट असलेल्या आयएसओ इन्स्टॉलेशन फाइलचा दुवा लावला गेला होता. तिथे कामी येते ती फाइलच्या जीपीजी डिजिटल सहीची पडताळणी. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनातला घातक कोडही स्कॅनरने पकडला नाही. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खणून काढले म्हणून तो सापडला.

विंडोजवाल्यांना फायली पुढे पाठवणाऱ्यांनी क्लॅमएव्ही हे अँटिव्हायरस खुशाल ठेवावे. ते फुकट आहे. बाकीच्यांनी अपडेट वेळेवर घ्यावेत आणि कुठूनतरी उचललेली, प्रशासकाचे अधिकार देणारी ‘सुडो’ची ओळ न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवू नये. पासवर्ड आपणच टाईप केल्यावर अँटिव्हायरस काय कपाळ करणार!

वाचकांना अँटिव्हायरसची वर्गणी भरायला लावण्याआधी मिरायबाबतची दुरुस्ती तेवढी छापावी.

कळावे,
एक वाचक, नाशिक