वारसाचा रकाना

बँकेच्या नोकरीत हातांखालून गेलेल्या कागदांत दिसायला सर्वांत साधा आणि मागाहून सर्वांत जास्त भांडणे लावणारा कागद म्हणजे नामनिर्देशनाचा अर्ज. आपल्या पश्चात पैसे कोणाला? खातेदार क्षणभरही न थांबता बायकोचे किंवा मुलाचे नाव लिहून मोकळा होई. त्यात विचार करण्यासारखे काही आहे, असे मलाही कधी वाटले नाही. निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या टोंकावा लोकांविषयी वाचताना मात्र तो रकाना डोळ्यांपुढे आला. टोंकावा पुरुष वारला की त्याच्या चीजवस्तू मुलांकडे जात नसत, भाच्यांकडे जात. कारण मुले आईच्या कुळाची. बापाची वस्तू त्यांना दिली तर ती कुळाबाहेर गेली! लग्नानंतर नवरा बायकोच्या कुळात राहायला जाई. तो वारला तर त्याच्या भावाने विधवेशी लग्न करावे, अशी रीत होती. एखाद्या मुरलेल्या हिशेबनिसाने आखावी तशी ही व्यवस्था. फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती.

हे लोक मध्य टेक्सासातले. ‘टोंकावा’ हे नाव शेजारच्या वाको लोकांनी दिलेले, अर्थ ‘सगळे एकत्र राहतात ते’. रानरेडे, म्हणजे बायसन, हे त्यांचे अन्न, वस्त्र आणि छप्पर. कातड्याचे बुटके तंबू. रानरेडे दुर्मीळ झाले तेव्हा त्याच सांगाड्यावर झाडपाला किंवा किंतान. घोडे येण्यापूर्वी ओझी कुत्र्यांच्या पाठीवर. हरीण, ससा, कासव, खडखड्या सापसुद्धा त्यांना चाले. मैदानातल्या इतर अनेक जमाती माशांना शिवत नसत. हे मासे आणि कालवेही खात. बायका कंदमुळे, ओकची फळे, अक्रोडाच्या जातीचे पिकॅन गोळा करीत. कातडी आणि चरबी देऊन व्यापाऱ्यांकडून हव्या त्या वस्तू घेत. मेलेल्या माणसाचे नाव उच्चारायचे नाही, हा कडक नियम. आपल्याकडे वर्षश्राद्धाला तीन पिढ्यांची नावे घेतात, त्याच्या अगदी उलट!

एवढे सगळे खाणाऱ्या या लोकांना लांडगा मात्र वर्ज्य होता. का, ते एका नाचात कळे. एकोणिसाव्या शतकात टेक्सासचे अधिकारी रॉबर्ट नेबर्स यांनी तो पाहिला. एका माणसाला जमिनीत पुरलेले असते. लांडग्याची कातडी पांघरलेले नाचणारे हुंगत हुंगत येतात, नखांनी माती उकरतात आणि त्याला बाहेर काढतात. वर आलेला तो पहिला टोंकावा. आता जगायचे कसे, असे तो विचारतो. लांडगे त्याच्या हाती धनुष्यबाण देतात आणि सांगतात, आमच्यासारखे जगा. भटका, शिकार करा, लुटा. घर बांधू नका, जमीन नांगरू नका.

ही कथा वाचून मला संकोच वाटला. १९८०च्या दशकात मी एका आडगावच्या शाखेत होतो. सरकारी योजनेतून शेळ्यांसाठी कर्जे द्यायची होती. भटक्या जमातीतला एक गृहस्थ आला. अर्जात पत्त्याचा रकाना रिकामा, सातबारा नाही. मी ‘स्थिर वास्तव्य नाही’ असा शेरा मारून अर्ज परत केला. नियमाने बरोबरच होते. पण ज्याला पत्ता नाही त्याला घर नाही, घर नाही त्याला रीतभात नाही, अशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी समजूत माझ्याही डोक्यात होती. टोंकावांच्या बाबतीत तिथल्या सरकारची समजूत हीच होती, आणि सरकारपाशी फौज होती.

कोमांचेंविरुद्धच्या १८४०च्या प्लम क्रीकच्या लढाईत प्लासिडो या नायकाचे टोंकावा टेक्सासवासीयांच्या बाजूने लढले. तरी १८५९ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हाकलण्यात आले. यादवी युद्धात ते दक्षिणेकडचे समजले गेले. नरमांस खातात असा बोभाटाही शेजाऱ्यांनी केलेला होताच. २४ ऑक्टोबर १८६२ रोजी इतर जमातींनी त्यांच्यावर हल्ला केला. सुमारे ३०० पैकी १३७ माणसे मारली गेली, त्यांत प्लासिडोही. उरलेले टेक्सासला परतले आणि फोर्ट ग्रिफिन येथे लष्कराचे वाटाडे झाले. याच फोर्ट ग्रिफिनच्या बाजारात रानरेड्यांच्या कातड्यांचे ढीग विकले जात होते. ज्यावर ते जगत होते तेच त्यांच्यासमोर संपत होते. १८८४ मध्ये उरलेल्या ९२ जणांना रेल्वेत बसवून पुन्हा उत्तरेकडे पाठवले. त्या प्रवासात जन्मलेल्या मुलाचे नाव ‘रेलरोड सिस्को’ ठेवले गेले.

पुढे १८९१ चा करार झाला. माणशी जमिनीचा एकेक तुकडा. उरलेली ‘जादा’ जमीन सरकारकडे, आणि १८९३ मध्ये ती गोऱ्या वसाहतकारांना खुली. जमीनच दिली ना, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. तक्रार अशी की माणसागणिक सातबारा केला की कूळ मोडते. जिथे सगळे ‘एकत्र राहतात’ तिथे प्रत्येकाच्या नावापुढे वारस लिहावा लागतो, आणि तोही कायद्याला समजेल असाच. भाचा त्यात बसत नाही. जमीन मुलांत विभागली जाते, मग विकली जाते. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको.

भाषाही गेली. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचे नाते जुळलेले नाही. हॅरी होयर या अभ्यासकाने जॉन रश बफेलो या टोंकावाकडून ती टिपून घेतली, १९३३ मध्ये व्याकरण छापले. आज जे शिकतात ते त्या कागदांवरून.

जमात मात्र आहे. ओक्लाहोमात टोंकावा नावाच्या गावाजवळ तिचे कार्यालय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिने टेक्सासच्या मायलम काउंटीतली ६० एकर जमीन विकत घेतली. तीत एक टेकडी आहे. नकाशावर शुगरलोफ, टोंकावांसाठी ‘लाल डोंगर’; त्यांच्या उत्पत्तिकथेतले हेच ते ठिकाण. हाकलून दिल्याला जवळजवळ १४० वर्षे झाल्यावर, कोणाही गिऱ्हाइकासारखे पैसे मोजून, रीतसर खरेदीखत करून. खरेदीदाराच्या जागी एका माणसाचे नाव नाही, जमातीचे आहे.