मापकाची साक्ष

गेल्या दिवाळींत अमेरिकेहून भाटघरीं आलेल्या आमच्या पुतण्यानें एक प्रश्न पुढें टाकला. त्याच्याजवळ १९८९ सालची फोर्ड मस्टँग मोटार आहे. तिची शक्ति वाढवावी म्हणून पेट्रोल उडविणारे इंजेक्टर त्यानें दीडपट मोठे घेतले. आतां हवामापक कोणता बसवावा? आम्हांस यंत्रविद्येचा अधिकार नाहीं. परंतु प्रश्न मुळांत मापाचा असल्यामुळें त्याचा विचार करणें प्राप्त झालें.

हवा आंत जाते त्या नळींत विजेनें तापविलेली बारीक तार असते. वाहती हवा तिला निवविते. तिची उष्णता कायम राखण्यास वीज जितकी अधिक लागेल, तितकें हवेचें वजन अधिक. एक शेर पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ शेर हवा लागते. त्या हिशेबानें इंजेक्टर किती वेळ उघडावे, हें मोटारीचा संगणक ठरवितो.

मोठ्या इंजेक्टरांसाठीं मुद्दाम जुळविलेले मापक बाजारांत मिळतात. शंभर भाग हवा गेली असतां ते सदुसष्टच सांगतात. संगणक इंजेक्टर कमी वेळ उघडतो, आणि ते दीडपट मोठे असल्यानें पेट्रोल बरोबर पडतें. खर्च थोडा, खटाटोप नाहीं. पुतण्याचा ओढा इकडेच होता.

आम्हीं त्यास वेळवंडीवरील धरण दाखविलें. म्हटलें, "बाळ, समज, पट्टीवर जितके फूट पाणी, तितकी मोरी उघडावी, असा येथील रखवालदारास हुकूम आहे. उद्यां मोरी दीडपट रुंद केली, आणि पाणी फाजील जाऊं नये म्हणून पट्टीवरचे आंकडेच कमी रंगविले. मोरीचें पाणी बरोबर सुटेल. पण पुराचे दरवाजे केव्हां उघडावे, हेंही तो तीच पट्टी पाहून ठरवीत असेल तर?"

एंजिनांत नेमकें हेंच होतें. ठिणगी केव्हां पाडावी, हेंही संगणक हवेच्या आंकड्यावरूनच ठरवितो. भार हलका तर ठिणगी लौकर, जड तर उशिरां. मापकानें भार कमी सांगितला कीं ठिणगी फार लौकर पडते. चढणीवर पूर्ण जोर असतां इंधनाचा अवेळीं भडका उडतो, एंजिन ठोके देतें, आणि प्रसंगीं पिस्टन फुटतो.

"पण काका, धुरांतील प्राणवायु मोजून संगणक चूक सुधारतो ना?" सुधारतो, परंतु पेट्रोलाची, ठिणगीची नव्हे; आणि पूर्ण जोराच्या वेळीं ती सुधारणाही बंद असते.

म्हणून आमचा सल्ला असा: एंजिन जास्तींत जास्त ओढील त्याहून थोडी अधिक हवा मोजणारा खरा मापक घ्यावा. ज्या नळींत तो बसावयाचा, तिच्यासह तपासलेलें कोष्टक मागावें. नळीचा व्यास बदलला कीं कोष्टकही बदलतें. तें कोष्टक व नव्या इंजेक्टरांचें माप संगणकांत भरवावें, आणि शेवटीं पूर्ण जोरावर धुराची परीक्षा करावी. आपल्याकडे असे फेरफार करूं पाहणारानें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आधीं वाचावें.

यास खर्च बराच आहे. पैसे जमेपर्यंत जुनेच इंजेक्टर ठेवण्याचें पुतण्यानें कबूल केलें. त्याच गाडींतून मुलें शाळेंत जातात, हें ऐकून असलेल्या वहिनींनीं त्या रात्रीं त्यास आग्रहानें आणखी एक अनारसा वाढला.